‘राऊटर रिस्टार्ट करा’च्या पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका ताईंचं घरून काम असतं. १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. दिवसभर ठीक चालतं. रात्री आठनंतर परदेशातल्या टीमबरोबर मीटिंग असते, नेमकं तेव्हाच नेट जातं आणि दोन-पाच मिनिटांनी आपोआप येतं. तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा राऊटर रिस्टार्ट करायला लावलं आणि वर ‘आपली तक्रार निकाली काढली आहे’ असा मेसेज आला. त्या विचारतात, या लोकांकडून काम करून कसं घ्यायचं, का सरळ कंपनी बदलावी?

ताई, कंपनी बदलायची घाई करू नका. दोष तुमच्या घरातल्या वायफायमध्ये किंवा ॲडॅप्टरमध्ये असेल तर नवी कंपनी आली तरी तो तिथेच राहणार आहे. आणि दोष लाईनमध्ये असेल तर तो काढून घेणं तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. मी या धंद्यात खांबावरही चढलोय आणि रात्रपाळीत स्क्रीनसमोरही बसलोय, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो: तुमची तक्रार सुटणार की नुसती बंद होणार, हे फोनवर तुम्ही किती चिडलात यावर ठरत नाही. कस्टमर केअरच्या मुलीने तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, काय लिहिलं, यावर ठरतं.

तिच्यासमोर काय असतं ते आधी समजून घ्या. ती बहुतेक वेळा नाशिकमध्ये बसलेली नसते. पाथर्डी फाटा आणि पाथर्डी गाव वेगळं, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातलं पाथर्डी त्याहून वेगळं, हे तिला ठाऊक असायचं कारण नाही. तिला दिसतं ते एवढंच: बिल भरलंय का, तुमच्या घरातला डबा, म्हणजे फायबरचा राऊटर, ऑनलाईन आहे का, लॉगिनचं सेशन चालू आहे का, तुमच्या भागात मोठा बिघाड नोंदलेला आहे का. तुमचं नेट आठ वाजून दहा मिनिटांनी जातं, तुम्ही फोन लावता, ‘एक दाबा, दोन दाबा’ करत, गाणं ऐकत तिच्यापर्यंत पोहोचता तोवर आठ वाजून वीस झालेले असतात आणि नेट परत आलेलं असतं. तिच्या स्क्रीनवर सगळं हिरवं. मग ती तरी काय करणार? कागदावर लिहिलेलं वाचते, ‘मॅडम, एकदा राऊटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा.’

यानंतर तिला यादीतून तक्रारीचा एक प्रकार निवडायचा असतो. नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, पण ढोबळ गट तेच: नेट पूर्ण बंद, वारंवार डिस्कनेक्ट, स्लो स्पीड, वायफायचा त्रास, बिलाचा प्रश्न. यातला ‘स्लो स्पीड’ हा गट म्हणजे तक्रारींचं स्मशान. ती तक्रार सहसा फिल्डवर जातच नाही. कुणीतरी लांबून डबा रीसेट करतो, दुपारी तीनला स्पीड टेस्ट घेतो, ९५ एमबीपीएस दिसतात, तिकीट बंद. ‘वारंवार डिस्कनेक्ट’ नोंदलं, आणि त्यात डब्यावरचा कोणता लाईट गेला हेही आलं, तर माणूस पाठवावा लागतो. तुम्ही फोनवर ‘नेट स्लो होतं, मग जातं-येतं’ असं म्हणाला असणार, आणि तिने ‘स्लो’ हा शब्द ऐकून तोच गट निवडला असणार, असा माझा अंदाज आहे.

म्हणून फोन करण्याआधी नक्की काय जातं ते पकडा. यासाठी इंजिनीअर असावं लागत नाही, डब्यासमोर उभं राहावं लागतं.

आज रात्री नेट गेलं की मोबाईल खाली ठेवा आणि डब्यावरचे लाईट बघा. फोटो काढा, जमलं तर दहा सेकंदांचा व्हिडिओ. पॉवरचा लाईटच विझून पुन्हा पेटला आणि बाकीचे एकेक करून मागाहून आले, तर डबा स्वतःच बंद होऊन चालू झालाय. एलओएस नावाचा लाईट लाल झाला तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. पॉन हा लाईट स्थिर राहायच्या ऐवजी लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय, पण पलीकडच्या यंत्राशी डब्याचा धागा जुळत नाहीये. पॉन स्थिर आणि फक्त इंटरनेटचा लाईट गेला, तर लाईन ठीक आहे, लॉगिन तुटतंय. आणि सगळे लाईट जसेच्या तसे असतील, तरी मीटिंग अडकते, तर एकतर घरातलं वायफाय किंवा कंपनीचा पुढचा रस्ता.

वायफाय की पुढचा रस्ता, हे ठरवायला लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राऊटरला पिंग (समोरचं यंत्र किती वेळात उत्तर देतं ते दाखवणारी कमांड) लावून ठेवा, बहुतेक घरांत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गुगलच्या सर्व्हरला. दोन्हीकडे शेवटी मायनस टी (-t) लावा म्हणजे ते चालू राहतं. आठ ते अकरा चालू दे. राऊटरचं उत्तरही तुटक येत असेल तर घरातलं वायफाय दोषी. कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. राऊटर एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर देतोय आणि ८.८.८.८ गायब होतंय, तर प्रश्न तुमच्या घराबाहेरचा. हीच चाचणी लॅनच्या वायरने लॅपटॉप जोडून केलीत तर कुणालाही ‘वायफाय असेल मॅडम’ म्हणायला जागा उरत नाही.

आता एकेक शक्यता. सगळ्यांत क्षुल्लक आणि सगळ्यांत जास्त छळणारी आहे ती ॲडॅप्टरची.

गोविंदनगरमधल्या एका काकांचं प्रकरण सांगतो. तक्रार तुमच्यासारखीच, रोज संध्याकाळी नेट जायचं. कस्टमर केअरने त्यांना सांगितलं, ‘सर, आमच्याकडे दिसतंय की डबा तुम्हीच बंद करताय.’ काका भडकले, आणि भडकणारच! ‘मी पासष्टीचा माणूस, मला काय खेळ सुचलाय का डबा बंद-चालू करायचा?’ गंमत अशी की दोघंही खरं बोलत होते. घरातल्या डब्याची वीज जाते तेव्हा विझता विझता तो पलीकडच्या यंत्राला एक शेवटचा निरोप धाडतो. आमच्या भाषेत त्याला ‘डाईंग गॅस्प’ म्हणतात. या पलीकडच्या यंत्राच्या, म्हणजे कंपनीकडच्या ओएलटीच्या, नोंदीत लाईन शेवटच्या वेळी का पडली याचं कारण लिहिलेलं असतं: फायबर तुटली तर एक, वीज गेली तर दुसरं. काकांच्या नोंदीत सगळीकडे वीज. तंत्रज्ञाने ॲडॅप्टर हातात घेतला तर इस्त्रीसारखा गरम. १२ व्होल्टचा जुना ॲडॅप्टर, टीव्हीच्या मागे, सेट टॉप बॉक्सला चिकटून पडलेला. संध्याकाळी टीव्ही लागला, कोंडलेली उष्णता वाढली, घरात चार मोबाईल वायफायवर आले, डब्याने जास्त करंट ओढला आणि ॲडॅप्टरने मान टाकली. दोनएकशे रुपयांचा ॲडॅप्टर बदलला आणि विषय संपला. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच घ्या. ॲम्पिअर छापलेल्यापेक्षा जास्त चालतात, कमी नाही चालत.

तेव्हा फोनवर एक प्रश्न जरूर विचारा: ‘माझ्या ओएनटीचं लास्ट डाऊन कॉज काय दिसतंय?’ ओएनटी म्हणजे तुमचा डबा, आणि लास्ट डाऊन कॉज म्हणजे तो शेवटचा का पडला ते. पहिल्या पायरीवरच्या मुलीला ते दिसेलच असं नाही, पण प्रश्न ऐकून ती तुम्हाला वरच्या टेबलाकडे देईल. तिथे बसलेल्या माणसाला ते दिसतं.

दुसरी शक्यता फायबरची, आणि इथे थोडं थांबतो, कारण ग्राहकाला हाताशी असलेला सगळ्यांत भक्कम पुरावा इथे मिळतो. राऊटरच्या पानावर लॉगिन करा, स्टेटसमध्ये पॉन किंवा ऑप्टिकल असं काहीतरी असतं. त्यात आरएक्स पॉवर म्हणून एक उणे आकडा दिसेल. काही कंपन्या हे पान कुलूपबंद ठेवतात. मग हाच आकडा फोनवर विचारा. तो आकडा म्हणजे तुमच्या घरापर्यंत किती प्रकाश पोहोचतोय. एककाचं नाव डीबीएम. साधारण उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यात डबा चालतो, पण उणे २७ च्या काठावर असलेला डबा दिवसभर चालून रात्री पडतो, आणि फोन केला की चालू असतो.

मग तुमचा आकडा किती असायला हवा? हिशोब सोपा आहे. ओएलटीमधून समजा अधिक ३ निघाले. वाटेत एका फायबरचे चार फाटे करणारा स्प्लिटर असतो, तो सुमारे ७ खातो. पुढे आठ फाट्यांचा, तो साधारण १० ते साडेदहा. म्हणजे ३२ घरांत वाटणी होईपर्यंत साडेसतराच्या आसपास गेले. दोन किलोमीटर फायबरचे एकही पुरतं जात नाही, किलोमीटरला ०.३५ च्या घरात. जॉइंट-कनेक्टरचे एक-दोन धरा. घरी उणे १६ ते उणे १७ च्या आसपास यायला हवेत. जुनं जाळं, लांबचा फाटा म्हणून उणे २२-२३ आले तरी चालतं. पण शेजारच्या फ्लॅटमध्ये त्याच कंपनीचे उणे १९ असताना तुमच्याकडे उणे २६ असतील, तर मधल्या कुठल्यातरी जागी सात डीबी गळतायत. दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे तुमच्या वाट्याचा चार-पंचमांश प्रकाश वाटेतच मेला. हे दोन आकडे तिकिटात लिहायला लावा. ‘शेजारी उणे १९, माझ्याकडे उणे २६’ या वाक्यापुढे रिस्टार्टचा सल्ला टिकत नाही.

गळती कुठे असते? बहुतेक वेळा शेवटच्या तीस मीटरमध्ये. फायबर बांगडीपेक्षा लहान वळशात वाकवली की प्रकाश बाजूने निसटतो. टीव्ही युनिटच्या ड्रॉवरमागे चेमटलेली पिवळी पॅच कॉर्ड, खिडकीच्या सरकत्या काचेत दाबलेली ड्रॉप वायर (बाहेरच्या बॉक्सपासून घरात येणारी फायबर), सुताराने फर्निचर करताना ठोकलेला खिळा. गच्चीवर टाकीजवळ उघडी पडलेली जॉइंटची डबी, तिच्यात पाणी. आणि ‘फास्ट कनेक्टर’. हा मशीनने न जोडता हाताने दाबून बसवतात, पाच मिनिटांत काम होतं, म्हणून घाईतल्या पोराचा लाडका. पण उन्हाने तापला, थंडीने आकसला की आतलं टोक केसभर सरकतं. नाशिकच्या थंडीत दिवसाचं आणि रात्रीचं तापमान किती फरकाने बदलतं ते तुम्हाला सांगायला नको. ‘दिवसा ठीक, रात्री बंद’ या तक्रारींमागे डिसेंबर-जानेवारीत हा कनेक्टर पुष्कळदा सापडतो. तंत्रज्ञ आला की मशीनने स्प्लाइस करून, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडून, द्यायला सांगा. नीट केलेल्या स्प्लाइसमध्ये ०.१ डीबीसुद्धा जात नाही.

आणखी एक बारकी गोष्ट. डब्यात जाणारं टोक हिरवं असतं किंवा निळं. हिरव्याचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरव्यात निळं घुसवलं तर बसतं, नेट चालतंही, पण मध्ये फट राहते आणि पॉवर पडते. घाईत कपलर (दोन टोकं जोडणारा तुकडा) बदलताना असं होतं. तुम्ही फक्त रंग बघा. टोक काढून बोट लावू नका, आणि उजेड येतोय का म्हणून डोळ्यासमोर तर अजिबात धरू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

क्वचित दोष तुमच्याकडे नसून शेजाऱ्याच्या डब्यात असतो. या पद्धतीच्या जाळ्यात सगळे डबे एकाच फायबरवरून वर बोलतात, प्रत्येकाला वेळ वाटून दिलेली असते. एखादा बिघडलेला डबा आपली वेळ नसताना लेझर लावून बसला की त्या फाट्यावरचे बाकीचे पडायला लागतात. कुणीतरी संध्याकाळी कामावरून येऊन तो चालू करतो आणि आठनंतर सगळ्या विंगचं नेट नाचतं. म्हणून त्याच कंपनीचं नेट असलेल्या दोन-तीन घरांत विचारून या. सगळ्यांचंच एकाच वेळी जात असेल तर एकट्याने तक्रार न करता सगळ्यांनी त्याच रात्री आपापली नोंदवा. एका फाट्यावरून तासाभरात चार तिकिटं आली की आतल्या माणसांना तो एरियाचा बिघाड म्हणून उचलावाच लागतो.

तिसरी शक्यता गर्दीची. लाईट सगळे स्थिर, तुटत काही नाही, पण आवाज फाटतो, चेहरा गोठतो. जीपॉन या फायबर-जाळ्याच्या प्रकारात एका फायबरवर खाली येणारा वेग सुमारे २.५ जीबीपीएस असतो आणि तो ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला. लहान ऑपरेटरकडे ईपॉन हा दुसरा प्रकार असेल तर सव्वा जीबीपीएस. घरं कधीच सगळी एकदम ओढत नाहीत, त्यामुळे हा भाग सहसा पुरतो. अडतं ते पुढे, ऑपरेटरने वरच्या कंपनीकडून घेतलेल्या बँडविड्थमध्ये. ग्राहक वाढले, वरची नळी तेवढीच राहिली. आयपीएलची मॅच, रविवारची रात्र, शाळांच्या सुट्ट्या, तेव्हा ते उघडं पडतं.

ओळखायचं कसं? यूट्यूब झकास चालतंय आणि ऑफिसचं व्हीपीएन मरतंय, ही खूण. मोठ्या व्हिडिओ कंपन्यांचा साठा ठेवलेली यंत्रं ऑपरेटरच्या जाळ्यातच बसवलेली असतात, त्यामुळे व्हिडिओला बाहेर जावंच लागत नाही. तुमची मीटिंग मात्र बाहेर जाते. स्पीड टेस्टचंही तसंच. ॲप आपोआप जवळचा सर्व्हर निवडतं, तो बऱ्याचदा त्याच कंपनीचा असतो आणि छान आकडा दाखवतो. सर्व्हर हाताने बदला, दुसऱ्या कंपनीचा मुंबईतला निवडा, आणि वेगापेक्षा पिंगकडे बघा. नाशिक ते मुंबई रस्त्याने १७० किलोमीटरच्या आसपास. फायबरमधला प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदांचं काम. वाटेतली यंत्रं, वळणं धरून आठ-दहा आले तर उत्तम. सकाळी सातला दहा आणि रात्री नऊला नव्वद येत असतील तर घाटात लाईन लांब झालेली नाही, रांग लागलीये. सात आणि नऊ, दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट ठेवा.

पण तत्पूर्वी घरातली गर्दी तपासा. रात्री आठला घरातले सगळे परततात, त्यांच्या मोबाईलमधले दिवसभराचे फोटो वायफाय मिळताच वर चढायला लागतात, शिवाय पार्किंगचा क्लाउड कॅमेरा. अपलोड भरलं की पिंग चढतं आणि मीटिंग तुटते, दोष मात्र कंपनीला. दोन रात्री फोटोंचा बॅकअप बंद ठेवून पाहा.

वायफायबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळीकडे लिहिलेलं आहे. मीटिंगचा लॅपटॉप शक्यतो वायरने जोडा. ते जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर घ्या; २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि तुमच्या विंगमध्ये वायफाय पंचवीस असणार. नव्या इमारतींत बिल्डर दारामागे पत्र्याचं एक खोकं देतो आणि लोक हौसेने राऊटर त्यात बंद करतात. पत्र्याच्या खोक्यात कोंडलेला राऊटर बेडरूमपर्यंत काय बोलणार? पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत तर काळ्या दगडाच्या दोन हात जाडीच्या भिंती. तिथे एका राऊटरने काम होतच नाही, मधे वायर ओढून दुसरा लावायचा. वायरने जोडूनही वेग ९४-९५ वर अडकला आणि प्लॅन २०० चा असेल, तर लॅनच्या केबलमधली एखादी तार तुटलेली असते किंवा पोर्ट १०० चाच असतो. त्यासाठीही कस्टमर केअर नको.

आता फोन. बिलावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये छापलेलाच नंबर लावा. गुगलवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन करून, त्याने सांगितलेलं स्क्रीन दाखवणारं ॲप टाकून खातं रिकामं झालेली माणसं मी पाहिलीत. तसं काही झालंच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, १९३०. बरोबर नंबर लागल्यावर इतकंच बोला: ‘वारंवार डिस्कनेक्शनची तक्रार नोंदवा. रोज रात्री आठ ते अकरा. त्या वेळी पॉनचा लाईट लुकलुकतो, व्हिडिओ आहे. वायरने जोडून तपासलंय. आरएक्स पॉवर उणे अमुक. फिल्ड व्हिजिट हवी आहे, संध्याकाळी सातनंतर.’ अर्थात, तुम्हाला जे दिसलं असेल तेच सांगा. न पाहिलेला लाल लाईट सांगितलात तर पुढचा माणूस दोन मिनिटांत ओळखतो. रिस्टार्ट करायला सांगितलं तर वाद न घालता करा, तिलाही ती पायरी पूर्ण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मग म्हणा, ‘ताई, काय लिहिलंय ते एकदा वाचून दाखवा.’ हे वाक्य सोडू नका. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ येईल. तो बहुतेक कंपनीचा पगारी नसतो, ठेकेदाराकडचा असतो, दिवसात किती तिकिटं बंद केली यावर त्याचं गणित असतं. त्याच्याकडे पॉवर मीटर आहे का बघा. असेल तर डब्याजवळचा आणि बाहेरच्या जॉइंट बॉक्सजवळचा, दोन्ही आकडे तुमच्यादेखत घ्यायला लावा. बाहेर उणे १९ आणि आत उणे २६ म्हणजे मधली ड्रॉप बदलायची. बाहेरच उणे २६ असेल तर घरात काहीही बदलून उपयोग नाही, हे त्यालाही कळतं. चहा-पाणी विचारा आणि सरळ विचारा, ‘दादा, या लाईनला सगळ्यांचंच जातं का?’ कस्टमर केअर महिनाभर सांगणार नाही ते हा पोरगा जिन्यात उभ्या उभ्या सांगतो: स्प्लिटर भरलाय, वरचा बॉक्स पावसात भिजलाय, केबल ओढायची मंजुरी अडकलीये.

जाताना तो मोबाईलवर आलेला ओटीपी मागेल. तो दिला की तक्रार तुमच्या संमतीने निकाली निघाली. रात्रीचा बिघाड दुपारी बारा वाजता तपासून ओटीपी द्यायचा नसतो. ‘आज रात्री पाहते आणि उद्या सकाळी देते’ एवढं शांतपणे सांगा. तो कुरकुरेल. त्याचा नंबर घेऊन ठेवा. ओटीपी न मागताच ‘ग्राहक घरी नव्हते’ असं लिहून बंद केलं, तर नवी तक्रार न टाकता तोच डॉकेट पुन्हा उघडायला लावा. नवीन टाकली की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं आणि जुना इतिहास दिसेनासा होतो.

एवढ्यानेही हलले नाहीत तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक कंपनीला दुसरी पायरी ठेवावी लागते, अपील प्राधिकरण. डॉकेटवर समाधान झालं नाही की ३० दिवसांच्या आत अपील करायचं, फी नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. पत्ता-ईमेल कंपनीच्या वेबसाईटवर तळाशी बारीक अक्षरात असतो. माझा अनुभव असा की अपिलाचा निकाल फारसा लागतच नाही, कारण अपील पडल्यावर आतून फोन येतो आणि आधी जे ‘शक्य नाही’ होतं ते शनिवारी होऊन जातं. ट्रायकडे थेट तक्रार करू नका, ते वैयक्तिक तक्रारी हाताळत नाहीत. कंपनीच्या दोन्ही पायऱ्या झाल्यावर दूरसंचार विभागाकडे सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरून जाता येतं. ग्राहक हेल्पलाईन १९१५. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. टेलिकॉमची प्रकरणं तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मात्र भांडायचं ते तुटण्यावरून, संथपणावरून नाही. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडच्या सरकारी व्याख्येतला किमान वेग २ एमबीपीएस आहे आणि जाहिरातीत ‘१०० पर्यंत’ असं लिहिलेलं असतं. ‘पर्यंत’मध्ये सगळं मावतं.

काही वेळा मात्र कुणाचाच इलाज नसतो, तेही सांगून ठेवतो. सिंहस्थाच्या तोंडावर रस्ते, जलवाहिन्या, ड्रेनेज अशी कामं एकदम निघतात आणि जेसीबीचा एक फटका अख्खा प्रभाग बंद पाडतो. खोदण्याआधी केबल कुणाची आहे ते कळावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आणलं. जेसीबीवाल्याने ते वापरलं तर आनंद आहे. खांबांवरून जाणाऱ्या केबलचे शत्रू वेगळे: संक्रांतीत मांजा, गणपतीत उंच देखावे, पावसाळ्यात गुलमोहराच्या फांद्या, आणि बारा महिने उंदीर. अशा वेळी चार तासांत दुरुस्ती झाली तर ती चांगलीच म्हणायची, फोन करून त्यांचे हात थांबवू नका. तुम्हाला रोजची मीटिंग आहे तर मोबाईलचा डेटा तयार ठेवा, तो घरातल्या फायबरपेक्षा दुसऱ्या कंपनीचा. आणि डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. घरात इन्व्हर्टर असूनही इमारतीची वीज गेल्याबरोबर नेट जात असेल, तर समजा की जिन्यात किंवा लिफ्टच्या डक्टमध्ये ऑपरेटरचा विजेवर चालणारा स्विच आहे आणि त्याला बॅकअप नाही. तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडायचा विषय, कस्टमर केअरचा नाही.

राहिला कंपनी बदलण्याचा प्रश्न. वरचं सगळं करून, गर्दी ऑपरेटरच्या वरच्या नळीत आहे असं सिद्ध झालं, अपिलावरही ‘लवकरच अपग्रेड’ एवढंच उत्तर आलं, तर खुशाल बदला. मोठी कंपनी घ्यावी की गल्लीतला ऑपरेटर? मोठ्यांची वरची लाईन भक्कम असते आणि माणूस उशिरा येतो. गल्लीतला रात्री दहाला फोन उचलतो, बायको ओरडली तरी शिडी घेऊन येतो, पण आयपीएलच्या रात्री तोही हतबल. घरून रात्री काम करणाऱ्याला मी पहिला पर्याय सांगेन. दिवसा काम आणि घरात म्हातारी माणसं असतील तर दुसरा. कुठलाही घ्या, आधी त्याच विंगमध्ये त्यांचं नेट असलेल्या कुणाच्या तरी घरी रात्री नऊला जाऊन पिंग बघा, आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरू नका. जुनं लगेच तोडू नका. पंधरा दिवस दोन्ही चालवा. तोडताना अर्ज ईमेलने पाठवा, आणि डबा न्यायला माणूस आला की त्यावरच्या सीरियल नंबरसकट पावती घ्या, नाहीतर डिपॉझिट राहिलं बाजूला, वर डबा परत न केल्याचं बिल येतं.